आईची संमती

सोमवार, १५ जानेवारी

मिळाली! वायोमिंगमधल्या टीटनच्या डोंगरातली तंबूची जागा मिळाली! एल्डनमुळे नव्हे — एल्डन असूनसुद्धा!

तिथल्या तळावरच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात, सकाळी आठला, आणि बघता बघता संपतात. नवरोजी अंधारातच कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून बसले. डोक्याला टोपी, हाताशी कॉफी, थाट असा की देश हेच चालवतात. आठ वाजले. काही होईना. "यंत्र मेलंय! कर घेतात मेले, आणि साधं यंत्र चालवता येत नाही!" असं म्हणून फावडं घेऊन बाहेर बर्फ काढायला गेला. नाचता येईना, अंगण वाकडं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठ म्हणजे डोंगराकडचे आठ. आमचे नऊ! आपल्याच नेब्रास्कात पश्चिमेला गेलं की घड्याळ तासभर मागे जातं. याचा सख्खा भाऊ तिकडे राहतो. दर थँक्सगिव्हिंगला तासभर उशिरा येतो आणि दरवर्षी दोघं त्यावरून भांडतात. तरी हा आठलाच बसला!

नऊला मी बसले. किती माणसं, असं विचारलं होतं. पाच लिहिलं.

एल्डन बूट झटकत आत आला. वाकून पडद्याकडे बघितलं. "पाच?"

"पाच."

बुटांचे बंद सोडत बसला. एरवी दोन झटक्यांत काढतो.

मंगळवार, १६ जानेवारी

पाचवी म्हणजे केल्सी. आमची मुलगी. आपल्याच वहीत आपल्या मुलीची ओळख करून द्यायची, काय वेळ आलीय! पण मधली काही वर्षं अशी गेली की मलाच तिची ओळख पटत नव्हती. आधी पाठदुखीच्या गोळ्या. मग पाठ दुखायची थांबली तरी गोळ्या. मग गोळ्यांच्या जागी जे काय येतं ते. तिचा धाकटा वेस पाळण्यात होता तेव्हा काउंटीच्या बालकल्याण खात्याची माणसं त्याला आणि थोरल्या आयव्हीला आमच्या दारात घेऊन आली. दोघांचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरलेले. ती पिशवी मी अजून विसरलेले नाही.

आता आयव्ही नऊची आहे, वेस चारचा होईल.

नाताळात केल्सीचा व्यसनमुक्ती केंद्रातून फोन आला होता. "आई, जुलैत मी मोकळी असेन. टीटनला जाऊ या. तू नि बाबा मला न्यायचात ना, तसं. मुलांना मी दाखवणार सगळं, तुम्ही मधे बोलायचं नाही!" आवाज तिचा होता. अगदी तिचा, आधीचा.

म्हणून पाच.

रविवार, ११ फेब्रुवारी

केल्सी केंद्रातून सुटली. शहरात बायकांच्या वसतिगृहात राहते, पहाटे एका बेकरीत डोनट तळते. रविवारी दुपारी बसने इथे येते, मुलांना भेटायला. मी समोर बसलेली असले पाहिजे, ही न्यायाधीशांची अट. पोटच्या पोरीवर मी पहारेकरी! ती बाथरूमला गेली तर मी घड्याळ बघते. मग स्वतःचाच राग येतो.

आज तिघं जमिनीवर नकाशा पसरून बसली होती. "अस्वल नाकाने बघतं," केल्सी सांगत होती. "वास येईल ते सगळं रात्री लोखंडी पेटीत ठेवायचं. टूथपेस्ट, साबण, बिस्किटं—"

"आजोबांचे मोजे?" आयव्हीने विचारलं.

"त्यांना वेगळी पेटी. ते पाहून अस्वलच पळेल."

आतल्या खोलीतून एल्डन ओरडला, "ऐकू येतंय मला!" किती दिवसांनी या घरात चौघं एकदम हसली.

तेवढ्यात वेस पळत माझ्याकडे आला. "आई, भूक!"

केल्सीने मान वर केली.

"आजी म्हण रे," मी म्हटलं. हे त्याला रोज सांगते.

"आई, भूक लागली!"

"असू दे गं," केल्सी म्हणाली. "पोटात भूक असताना कुठे व्याकरण शिकवतेस." उठली आणि कप धुवायला गेली. ते कप मी मघाशीच धुऊन ठेवले होते.

बुधवार, २१ फेब्रुवारी

कामावर, शाळेच्या स्वयंपाकघरात, आज चिलीचा रस्सा आणि दालचिनीचे रोल. एक रोल वेससाठी ॲप्रनच्या खिशातून आणला. देवा, क्षमा कर. नाही केलीस तरी चालेल, रोल फार छान झाला होता.

मंगळवार, १२ मार्च

मुलांची केस बघणाऱ्या ऑक्सनर बाई आल्या होत्या. चांगली बाई आहे. प्रत्येक वेळी दारात बूट काढते आणि माझ्या कॉफीला नावं ठेवत नाही. मी उत्साहाने टीटनचं सांगितलं. त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला.

"लोर्ना, मुलं कोर्टाच्या ताब्यात आहेत. राज्याची हद्द ओलांडायची तर न्यायाधीशांची परवानगी लागते. आणि आईची संमती. आईचा हक्क अजून शाबूत आहे ना."

एल्डन ताडकन उठला. "म्हणजे माझ्या नातवंडांना मी वायोमिंगला न्यायचं तर दहा जणांना विचारायचं? वासरू नेताना एवढी कागदपत्रं लागत नाहीत!"

"वासराला लागतात," ऑक्सनर बाई म्हणाल्या. "माझा भाऊ गुरं पाळतो."

एल्डन खाली बसला. मला हसू आवरेना.

न्यायाधीशांचं त्या बघतील. केल्सीने त्यांना फक्त एक फोन करून हो म्हणायचं. तिनेच तर काढलीय ही सहल! यात काय अवघड आहे?

रविवार, ३१ मार्च. ईस्टर

हॅम, बटाटे, आयव्हीने रंगवलेली अंडी. केल्सीने बेकरीतून डोनट आणले, ईस्टरचे ससे म्हणून त्यांना स्वतः डोळे-नाक काढलं होतं. सशासारखा एकही दिसत नव्हता. वेस म्हणाला, "डुकरं!" आणि दोन डुकरं खाल्ली.

मग सगळ्यांनी मिळून अंगणात तंबू ठोकून बघितला. नेब्रास्काचा वारा! एल्डन म्हणत होता, "खुंट्या नंतर, आधी कापड ताणा." कापड ताणलं आणि तंबू उडाला तो थेट शेजारच्या डेनबर्गांच्या कुंपणापर्यंत. केल्सी मागे धावली, चपला सुटल्या, अनवाणी धावली, हसत, केस तोंडावर. कुंपणाशी तिने तंबूवर अंगच टाकलं. "पकडलं! आई, पकडलं!"

मी दारात उभी राहून बघत होते. वाटलं, आहे. माझी पोरगी आहे अजून.

संमतीची आठवण करून दिली. "उद्याच करते फोन," म्हणाली.

रविवार, १४ एप्रिल

आली नाही.

आयव्हीने पिवळा फ्रॉक घातला होता. बस येते त्या बाजूच्या खिडकीत बसली. केल्सीचा फोन बंद. जेवणाची वेळ झाली तरी आयव्ही उठेना. "बस चुकली असेल. पुढच्या बसने येईल." त्या बसमधून फक्त चर्चचे फादर कुबिक उतरले.

झोपायच्या वेळी म्हणाली, "आजी, फ्रॉक धुवायला नको टाकूस. मळला नाहीये. पुढच्या रविवारी चालेल."

सोमवार, १५ एप्रिल

केल्सीचा फोन. झोप लागून गेली म्हणे, रात्रपाळी होती. एल्डन म्हणाला, "झोप म्हणे!" दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताकही फुंकून पिणार. ऑक्सनर बाईंना विचारलं. दर आठवड्याला नशेची तपासणी होते, तिच्यात काही सापडलेलं नाही. म्हणजे खरंच झोप असेल. असू दे रे देवा, झोपच असू दे.

शुक्रवार, २६ एप्रिल

हे कुणापाशी बोलता येत नाही. एल्डनपाशीसुद्धा नाही. इथेच लिहिते.

जूनच्या शेवटी सुनावणी आहे. न्यायाधीश म्हणतात, पोरांना किती वर्षं असं अधांतरी ठेवायचं? केल्सी तोवर नीट राहिली तर शाळा सुरू होण्याआधी मुलं तिच्या घरी जातील. नाही राहिली तर कोर्ट कायमचं दुसरं काही ठरवेल.

ती नीट राहावी म्हणून मी रोज गुडघे टेकून प्रार्थना करते. आणि उठताना मनात येतं, मग टीटनहून परत आलो की मुलं गेली. वेसचा पलंग रिकामा. सकाळी उठून मला "आई" म्हणणारं कुणी नाही. मुलगी मिळाली तर नातवंडं जाणार, नातवंडं राहिली तर मुलगी गेली. कसली ही प्रार्थना! देव तरी काय ऐकणार, माझं मलाच समजत नाही मी काय मागतेय.

तरी मागताना केल्सीचंच नाव घेते. एवढं मात्र खरं.

रविवार, १२ मे. मातृदिन

आयव्हीने दोन कार्डं केली होती. एक मला, एक केल्सीला, दोन्ही अगदी सारखी. दोन्हीवर डोंगर. पोरीने फूटपट्टी लावून सारखेच डोंगर काढले असावेत, इतकी ती दोघींना जपते.

वेसने बालवाडीत एकच कार्ड केलं होतं. तो सरळ माझ्याकडे चालत आला आणि माझ्या मांडीवर ठेवलं. केल्सी शेजारीच बसलेली. मी म्हटलं, "अरे, हे मम्मीला द्यायचं." तो तिच्याकडे बघून म्हणाला, "तिला आयव्हीने दिलं ना!" बरोबरच आहे त्याचं. एकीला एक.

केल्सीला बसपर्यंत सोडायला गेले. मधेच थांबली. "खरं सांग आई. मी आले नाही त्या रविवारी मुलं रडली?"

"आयव्ही रडली. झोपताना."

"आणि वेस?"

"वेस नाही."

नुसती मान हलवली. बस आली. मला तिला काहीतरी बरं सांगायचं होतं, पण तेवढ्यात दार बंद झालं.

बुधवार, २९ मे

न्यायाधीशांची परवानगी आली! ऑक्सनर बाईंनी कळवलं. "आता फक्त आईची संमती राहिलीय, लोर्ना. ती अजून आलेली नाही."

दोन महिने झाले! एक फोन! मी तिथल्या तिथे केल्सीला फोन लावला आणि तोंड सोडलं. शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहून. भांडी घासणारी मार्गो नळ बंद करून ऐकत होती.

"एक फोन करायला काय लागतं गं? फक्त हो म्हणायचंय!"

"करते, आई."

"मार्चपासून करते आहेस!"

"मला विचारतात, आई! मुलांना कुठे न्यायचं ते मला विचारतात. मला! अजून!" आणि हसली. विचित्र हसली.

"मग विचारणारच! आई आहेस तू त्यांची!"

मागे कढईचा चुर्र आवाज येत होता, डोनट तळत असेल. मग म्हणाली, "डोनट जळतील गं," आणि फोन ठेवला.

असली कटकट! एक काम सांगावं तर चार वेळा मागे लागायचं. लहानपणापासून तशीच.

शुक्रवार, ७ जून

एल्डनने अस्वलाला पळवायचा फवारा आणला. जोरदार मिरचीचा. अंगणात चालवून बघितला. वारा कुठून येतो हे या वयात तरी कळायला हवं! दुपारभर डोक्यावर ओलं फडकं घेऊन पडला होता. वेस त्याच्या कानाशी जाऊन विचारतो, "आजोबा, तू अस्वल आहेस का?"

रविवार, १६ जून

काय लिहू? इतका चांगला दिवस या घरात कधी गेला होता आठवत नाही.

आज पितृदिन. केल्सी पहिल्या बसने आली, ऑक्सनर बाईंना विचारून दिवसभर राहिली. नवा निळा शर्ट, केस बांधलेले, गालावर मांस चढलंय. एल्डनला बेकरीचा केक आणला, वर अस्वल. या वेळी अस्वलासारखं दिसत होतं!

तंबू पुन्हा ठोकला, ती आणि आयव्ही दोघींनीच. आम्हाला हातच लावू दिला नाही. आयव्हीला गाठ शिकवली, तीन वेळा सोडायला लावली, तीन वेळा बांधायला लावली. "आता डोळे मिटून बांध. तिथे अंधारात बांधायला लागेल." आयव्हीने बांधली. दुपारी केल्सी दोन्ही पोरांना घेऊन तंबूतच आडवी झाली. मी खिडकीतून बघायचं म्हणून बघत होते, पहारा म्हणून नाही. वेस तिच्या दंडावर डोकं टाकून झोपला होता. ती जागी होती. हात नक्की आखडला असेल, पण हलवला नाही.

नंतर माझ्याबरोबर भांडी पुसताना एकेक विचारत होती. वेस कुठल्या कुशीवर झोपतो? कान दुखतो तो डावा की उजवा? आयव्हीला गणितात कोण मदत करतं? घाबरते कशाला? रात्री दिवा लागतो का अजून? मी सगळं सांगितलं. शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत ऐकत होती, एखादं पुन्हा विचारत होती. आई होतेय परत! मुलं घरी न्यायची तयारी करतेय! सुनावणी पुढच्याच आठवड्यात आहे. नीट होणार सगळं, मला आता खात्री वाटते.

जाताना एल्डनच्या गळ्यात पडली. तो असल्या गोष्टींत लाकूड आहे, पण आज त्याने सोडलंच नाही. "बाबा, टीटनला त्यांना पहाटे उठवा. डोंगर गुलाबी होतात ना, तेव्हा."

"तूच उठव की," एल्डन म्हणाला. "मी झोपणार आहे."

ती हसली. मी संमतीचं काढलं. काढणारच! तिने माझा हात दाबला. "या आठवड्यात ऑक्सनर बाईंकडे जातेच आहे, आई. या वेळी नक्की."

बस वळली तसं मी घरात आले आणि धान्याच्या खोलीत जाऊन रडले. मुलं जाणार म्हणून रडले, आणि पोरगी परत आली म्हणून रडले, आणि दोन्ही एकदमच होतं. पण हलकं वाटलं. एल्डनने दारावर टकटक केली. "लोर्ना, तुला काही होतंय का?"

"कांदे शोधतेय!"

"कांदे बाहेर आहेत."

"मग जा तिकडे!"

सोमवार, १७ जून

मुलांचे बूट आणले. वेसने झोपताना काढायला नकार दिला.

गुरुवार, २० जून

सकाळी मी पीठ मळत होते. ऑक्सनर बाईंचा फोन. "लोर्ना, टीटनला जाण्यासाठी आईची संमती आता लागणार नाही."

"बरं झालं!" मी म्हटलं. "सुटले! एक कटकट गेली!"

मग त्यांनी सावकाश सांगितलं. केल्सी सकाळी आपणहून न्यायाधीशांपुढे गेली. मुलांवरचा हक्क कायमचा सोडला. नशेत नव्हती. कुणी भाग पाडलं नव्हतं. न्यायाधीशांनी पुन्हा पुन्हा विचारलं, कळतंय का काय करतेस? म्हणाली, "मी परत पडेन. कधी, ते मला माहीत नाही. पडताना त्यांचा हात माझ्या हातात नको. ती माझ्या आईपाशी राहू देत."

माझ्या हातांचं पीठ फोनला लागलं होतं. मी म्हटलं, ती कुठे आहे? कुठे आहे ती आता?

"इथेच," बाई म्हणाल्या. "माझ्या शेजारी बसली आहे. तुम्हाला सांगताना तिला हजर राहायचं होतं. फोन मी सुरुवातीपासून स्पीकरवर ठेवला आहे."

म्हणजे मी काय म्हणाले ते तिने ऐकलं.